प्रयोगशाळेचा वेश आणि प्रयोगाचा करार

गेल्या साठ वर्षांत कलादालनांमध्ये मांडणशिल्पाची एक वेगळी जात रुजली आहे. दालनात शिरल्यावर समोर टेबल, काचेची भांडी, रबरी नळ्या, मोजमापाचे काटे दिसतात. भिंतीवर सूचना असतात, की हे उचला, इथे बोट ठेवा, दोन मिनिटे थांबा, जे दिसले ते नोंदवा. प्रेक्षक इथे नुसता पाहणारा राहत नाही. तो प्रयोग करणारा होतो, आणि पुष्कळदा नकळत प्रयोगाचा विषयही होतो. हे पुस्तक अशी मांडणशिल्पे घडवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. पुढच्या प्रकरणांत संवेदक, पंप, दिवे, वायरिंग, सूचनाफलक यांची तपशीलवार चर्चा येईल. त्याआधी ज्या प्रश्नावर बाकी सारे उभे आहे तो इथे घ्यायला हवा. विज्ञानप्रयोगाचा घाट स्वीकारताना कलावंत विज्ञानाकडून नेमके काय घेतो? माझे म्हणणे असे, की टेबल आणि काचपात्रे घेणे सोपे आहे आणि त्यात गैरही काही नाही, पण त्यांच्याबरोबर प्रयोगाचा करारही घ्यावा लागतो. त्या कराराची दोन कलमे आहेत. निकाल आधी ठरवून ठेवायचा नाही, आणि ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला तो होतो आहे हे कळले पाहिजे. ही कलमे पाळणारे मांडणशिल्प कला म्हणूनही अधिक सकस उतरते, हे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रयोग आणि देखावा यांची सोयरीक कलावंतांनी जमवलेली नाही. ती विज्ञानाच्या घरातच झाली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये फिरते व्याख्याते हवेचा पंप आणि विजेची यंत्रे घेऊन गावोगावी जात आणि तिकीट लावून प्रयोग दाखवत. डर्बीच्या जोसेफ राइट या चित्रकाराने १७६८ मध्ये असाच एक प्रसंग रंगवला. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. काचेच्या गोलात एक पांढरा पक्षी आहे, पंपाने आतली हवा काढली जाते आहे, व्याख्यात्याचा हात झडपेपाशी आहे. हवा पुन्हा आत सुटणार की पक्षी मरणार, हे चित्र सांगत नाही. भोवतीच्या माणसांत एका मुलीने डोळे झाकले आहेत, कुणी हातातल्या घड्याळावर वेळ मोजतो आहे, एका तरुण जोडप्याचे लक्ष फक्त एकमेकांकडे आहे. राइटने पंप बारकाईने रंगवला, पण चित्राचा जीव त्या न ठरलेल्या क्षणात आणि तो पाहणाऱ्या चेहऱ्यांत आहे. त्याच काळातला जेम्स फर्ग्युसन नावाचा व्याख्याता जिवंत प्राण्याऐवजी प्राण्याच्या मूत्राशयाचा फुगा वापरावा असे लिहून गेला; तडफडणारा जीव पाहणे माणुसकी असलेल्या प्रेक्षकाला सोसवत नाही, असे त्याचे कारण होते. म्हणजे प्रयोग दाखवायचा तर प्रेक्षकाचे आणि प्रयोगातल्या जिवाचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्या धंद्यातल्या माणसांनाच अडीचशे वर्षांपूर्वी पडला होता. आजच्या मांडणशिल्पकाराला तो नव्याने शोधावा लागत नाही. फक्त टाळता येत नाही.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. कला सत्याला बांधील नसते. रंगमंचावरचा राजा खरा राजा असावा असे कुणी म्हणत नाही. मग दालनातली प्रयोगशाळा खरी असावी हा हट्ट का? याचे उत्तर असे, की नाटकाला बसलेल्या माणसाला आपण नाटकाला बसलो आहोत हे माहीत असते. प्रयोगशाळेच्या वेशाची ताकद निराळी आहे, आणि ती मोजली गेली आहे. स्टॅन्ली मिल्ग्रॅमने १९६१ मध्ये येल विद्यापीठात आज्ञापालनाचे प्रयोग सुरू केले. करड्या कोटातल्या माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला विजेचे धक्के द्यायचे, असे सहभागींना वाटत होते. प्रत्यक्षात धक्के बसतच नव्हते. त्याच्या गाजलेल्या मांडणीत ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. तोच प्रयोग विद्यापीठाबाहेर, ब्रिजपोर्ट शहरातल्या एका साध्या कार्यालयात केला तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या किंचित खाली आले. हुकूम सोडणारा माणूस शास्त्रज्ञ नसून सामान्य सहभागी आहे असे भासवले तेव्हा ते २० टक्क्यांवर उतरले. या प्रयोगांवर पुढे बरीच टीका झाली, सहभागींना फसवल्याबद्दल आणि त्यातल्या किती जणांचा धक्क्यांवर खरोखर विश्वास होता याबद्दलही. ती टीका मान्य केली तरी जागा, कोट आणि अधिकार बदलताच माणसे बदलली, हे निरीक्षण उरतेच. २००२ मध्ये रॉड डिकिन्सन या कलावंताने ग्लासगोमध्ये हा प्रयोग नटांकडून जसाच्या तसा उभा केला, तेव्हा प्रेक्षकांना ही पुनर्रचना आहे हे माहीत होते. तिथे वेश होता आणि फसवणूक नव्हती. उलट, जे मांडणशिल्प प्रयोगशाळेचा अधिकार उसना घेते आणि तो उसना आहे हे लपवते, ते प्रेक्षकाची सावधगिरी काढून घेते आणि बदल्यात काही देत नाही. कल्पितालाही या जागेत पूर्ण मुभा आहे. फक्त ते कल्पित आहे हे बाहेर पडण्यापूर्वी कळावे.

आता पहिल्या कलमाकडे, निकाल खुला ठेवण्याकडे वळतो. हान्स हाके या जर्मन कलावंताने १९६३ ते १९६५ या काळात एक पारदर्शक बंद घन केला आणि त्यात थोडेसे पाणी ठेवले. बाकी काही नाही. दालनातले तापमान, दिवे, आलेल्या माणसांच्या अंगाची ऊब यांनुसार आतल्या भिंतींवर थेंब जमतात, ओघळतात, नवे जमतात. कलावंताने भौतिकशास्त्राला वाव दिला आणि स्वतः बाजूला झाला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याने दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या. राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांनी अध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायना धोरणाचा निषेध केला नाही, या कारणाने तुम्ही नोव्हेंबरमध्ये त्यांना मत नाकाराल का, असा प्रश्न होता. रॉकफेलर घराणे त्याच संग्रहालयाच्या विश्वस्तांत होते. ‘हो’ची पेटी ‘नाही’च्या दुपटीहून अधिक भरली. जनमत चाचणीचा जाणकार या मांडणीत दोष काढील आणि ते बरोबरच असतील. प्रश्न एका बाजूला कललेला आहे, पेट्या पारदर्शक असल्याने नंतर आलेल्याला आधीच्यांचा कल दिसतो, आणि संग्रहालयात येणारे लोक म्हणजे मतदार नव्हेत. तरीही मला ही कलाकृती कराराच्या बाजूची वाटते, कारण तिच्यातला धोका खरा होता. ‘नाही’ची पेटी भरली असती तर तेही तितकेच उघडपणे दिसले असते, आणि मोजणीचे यंत्र सर्वांसमोर होते. पद्धतीचा कच्चेपणा प्रेक्षकाला दिसत असेल तर तो त्यावर विचार करू शकतो. लपवलेल्या निकालावर कुणालाच विचार करता येत नाही.

या कसोटीवर आपल्याकडची बरीचशी विज्ञानप्रदर्शने उतरत नाहीत. बटण दाबा, दिवा लागतो, फलकावर नियम लिहिलेला असतो. दहावीतल्या मुलाने दाबले काय आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने दाबले काय, तेच घडते. दाबणाऱ्याला सहभाग दिल्याचा भास होतो, प्रत्यक्षात त्याचे बोट फक्त स्विचचे काम करते. याला उत्तर शोधण्याचा सगळ्यात चिकाटीचा उद्योग सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियममध्ये झाला. फ्रँक ओपेनहायमरने ते १९६९ मध्ये सुरू केले. तो अणुबॉम्ब प्रकल्पात काम केलेला भौतिकशास्त्रज्ञ, रॉबर्ट ओपेनहायमरचा धाकटा भाऊ. मॅकार्थीकाळात विद्यापीठाचे दरवाजे बंद झाल्यावर त्याने कोलोरॅडोत गुरे पाळली आणि गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. त्याच्या संग्रहालयात जिथे प्रदर्शनवस्तू बनत ती कार्यशाळा लोकांना दिसेल अशी उघडी होती, आणि कलावंतांना तिथे सुरुवातीपासून जागा होती. बॉब मिलरचे ‘सन पेंटिंग’ त्यातले एक. आरशांनी आत आणलेले ऊन लोलकांतून फुटते, आरशांच्या पट्ट्यांवरून पडद्यावर पडते, आणि मधे उभ्या राहिलेल्या माणसाच्या सावल्या रंगीत होतात. त्याला भौतिकशास्त्राचा धडा म्हणावे की चित्र, असा प्रश्न तिथे कुणाला अडवत नाही. या संग्रहालयाने आपल्या वस्तू कशा बनवायच्या याच्या कृती पुस्तकरूपाने छापून इतरांना दिल्या, हे मला त्याच्या कोणत्याही एका वस्तूपेक्षा मोठे वाटते. प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येणे हा विज्ञानाचा जुना नियमच आहे.

मात्र ‘निकाल खुला’ याचा अर्थ बटणे वाढवणे असा काढू नये. सू ॲलन आणि जोशुआ गटविल या एक्सप्लोरेटोरियमच्या संशोधकांनी २००४ मध्ये नेमक्या या चुकीवर लेख लिहिला. एकाच वस्तूत सारख्याच तोलाच्या अनेक गोष्टी करता येत असतील तर माणूस गोंधळतो. एकाने फिरवलेला दांडा दुसऱ्याचे निरीक्षण मोडतो. दुय्यम कळ इतकी चमकदार असते की मुख्य घटना झाकली जाते. त्याच संस्थेच्या पुढच्या अभ्यासांत असेही दिसले, की ठरलेल्या उत्तराकडे नेणाऱ्या वस्तूंपेक्षा स्वतःचा प्रश्न स्वतः मांडू देणाऱ्या वस्तूंपाशी लोक बराच जास्त वेळ रेंगाळतात. रचनाकाराने यातून घ्यायचे ते असे: बदलता येण्याजोग्या गोष्टी एक किंवा दोनच असाव्यात, त्यांचा परिणाम लगेच दिसावा, आधीची स्थिती तुलनेसाठी शेजारी असावी, आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा निकाल आपल्याहून वेगळा येण्याची शक्यता असावी. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे दोन अनोळखी माणसे एकमेकांना विचारतात, ‘तुमचं काय आलं?’

कलावंत स्वतः वैज्ञानिक असेल तर काय होते, हे कार्स्टन होलरच्या कामात दिसते. शेतीशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला आणि कीटकांच्या गंधसंवादावर संशोधन केलेला हा माणूस कलेकडे वळला. २०१० मध्ये त्याने बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ संग्रहालयात ‘सोमा’ मांडले. ऋग्वेदातल्या सोमावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. सोम म्हणजे लाल टोपीची एक मादक अळंबी असावी, हे गॉर्डन वॅसनने १९६८ मध्ये मांडलेले वादग्रस्त गृहीतक होलरने आधाराला घेतले. भल्यामोठ्या दालनाचे दोन सारखे भाग केले आणि १२ रेनडिअर, २४ कॅनरी पक्षी, ८ उंदीर आणि २ माश्या त्यांत विभागल्या. एका भागातल्या रेनडिअरना ती अळंबी मिळत असावी आणि त्यांचे मूत्र इतर प्राण्यांना. दुसरा भाग तुलनेसाठी. कोणता भाग कोणता, हे प्रेक्षकाला सांगितलेले नव्हते. निरीक्षण करता करता माणूस आपल्याला हवे ते प्राण्यांत पाहू लागतो, आणि खरा प्रयोग तिथे प्रेक्षकाच्या अपेक्षेवर चालतो. कल्पना बुद्धिमान आहे. पण माझ्या मते ती अर्धीच उतरते, कारण प्रेक्षकाला आपला तर्क तपासण्याचा कोणताच मार्ग तिने ठेवला नाही. अनिश्चितता आणि खुला निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत उत्तर मिळण्याची शक्यता असते, पहिलीत फक्त धुके. २०१८ मध्ये फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो स्ट्रोझीत वनस्पतिशास्त्रज्ञ स्तेफानो मांकुझो याच्या साथीने त्याने केलेले काम या दृष्टीने पुढचे आहे. वाड्याच्या चौकात २० मीटर उंचीच्या दोन घसरगुंड्या होत्या. काही प्रेक्षक घेवड्याचे रोप हातात धरून घसरत आणि खाली ते रोप विश्लेषणासाठी वैज्ञानिकांच्या हवाली करत. घसरणाऱ्या माणसाची भीती किंवा आनंद रोपाला जाणवतो का, असा प्रश्न होता. इथे रोप खरे होते, मोजमाप खरे होते, आणि ‘काही फरक नाही’ हेही उत्तर शक्य होते.

वैज्ञानिकांचा आक्षेप इथे ऐकला पाहिजे. वनस्पतींना भावना कळतात असे सुचवणारे मांडणशिल्प लाखोंच्या मनात एक अपुरे सिद्ध झालेले मत पक्के करून देते, ही भीती निराधार नाही. मांकुझोच्या क्षेत्रावर, म्हणजे ‘वनस्पतींचे चेताशास्त्र’ या कल्पनेवरच, ३६ वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये सही करून हरकत नोंदवली होती. असा वाद असेल तर तो फलकावर लिहावा, एवढेच याचे उत्तर. वाद लिहिल्याने कलाकृती दुबळी होत नाही. प्रेक्षकाच्या हातातल्या रोपाला उलट जास्त अर्थ येतो. दालनात जमलेली माहिती विज्ञानाच्या कामाची नसते, या दुसऱ्या तक्रारीला तर डब्लिनच्या सायन्स गॅलरीने २००९ मध्येच उत्तर दिले आहे. ‘इन्फेक्शस’ या साथरोगांवरच्या प्रदर्शनात येणाऱ्यांच्या छातीवर छोटे रेडिओ-बिल्ले लावले जात. दोन माणसे समोरासमोर आली की बिल्ले त्याची नोंद करत, आणि खोटी साथ माणसांतून कशी पसरते ते पडद्यावर दिसे. तीन महिन्यांत १४ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. ती माहिती सोशिओपॅटर्न्स या संशोधकगटाने एका परिषदेतल्या भेटीगाठींशी ताडून पाहिली आणि २०११ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. संग्रहालयात माणसे ओघाने येतात आणि जातात, सकाळचा माणूस संध्याकाळच्याला भेटत नाही, त्यामुळे संपर्कांची साखळी लांबट होते. परिषदेत तेच ते लोक पुन्हा पुन्हा भेटतात. साथ कुठे किती पसरेल हे या फरकावर अवलंबून असते. पुढे दहा-अकरा वर्षांनी साऱ्या जगाला हे शिकावे लागले. माझ्या माहितीत करार इतका स्वच्छ पाळणारी दुसरी मांडणी नाही: बिल्ला दिसतो, कशासाठी आहे ते कळते, निकाल समोर घडतो, आणि त्यातून कुणालाच आधी ठाऊक नसलेले काही हाती येते.

संमतीच्या कलमाचा भंग झाला की काय होते, याचे उदाहरण डेन्मार्कमधले आहे. २००० साली कोल्डिंगच्या ट्रॅपहोल्ट संग्रहालयात मार्को एवारिस्ती या कलावंताने दहा मिक्सर मांडले, त्यांत पाण्यात सोनमासे सोडले आणि वीज चालू ठेवली. बटण दाबायचे की नाही हे प्रेक्षकाने ठरवायचे. कुणीतरी दाबले. पोलिसांनी दंड ठोठावला, संग्रहालयाच्या संचालकाने तो भरायचे नाकारले, आणि २००३ मध्ये मासे तत्काळ मेल्यामुळे क्रौर्य घडले नाही असे मानून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कायद्याचा निकाल मला मान्य आहे. रचनेचा मान्य नाही. गर्दीत कुणीतरी बटण दाबणार हे सांगायला प्रयोग लागत नव्हता, म्हणजे निकाल खुला नव्हताच, आणि ज्याचा जीव पणाला लागला त्या माशाकडून संमती घेण्याचा मार्गही नव्हता. माणसांच्या बाबतीत हा प्रश्न आज अधिक सूक्ष्म झाला आहे. राफाएल लोझानो-हेमरच्या २००६ च्या ‘पल्स रूम’मध्ये प्रेक्षक दांड्या धरतो, त्याच्या नाडीच्या ठोक्यावर छताचा एक दिवा उघडझाप करू लागतो, आणि पुढचा माणूस आला की तो ठोका पुढच्या दिव्यावर सरकतो. सरकत सरकत तो रांगेतून नाहीसा होतो. शरीराची खूण घेतली आणि सोडून दिली, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, पण कायद्याची वाट न पाहता रचनाकाराने हे ठरवावे, की चेहरा, आवाज, नाडी यांतले काय टिपले जाते, किती वेळ ठेवले जाते आणि ते कसे पुसले जाते, हे दाराशीच साध्या मराठीत लिहिलेले असेल.

‘सगळे सांगून टाकले तर अचंबा कुठे उरला?’ असे कलावंत विचारतात, आणि हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. त्याला महाराष्ट्रातच उत्तर सापडते. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवतात. नारळ आपोआप पेटतो, रिकाम्या हातातून अंगारा येतो. मग त्यामागची रसायने आणि हातचलाखी उघड करतात, आणि प्रेक्षकांतल्या कुणाला तरी बोलावून तेच करायला लावतात. उलगडा झाल्यावर गर्दी पांगत नाही. ती पुढे सरकते. ओलाफुर एलियासनने २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये धुके, छताचे आरसे आणि एकरंगी पिवळ्या दिव्यांचे अर्धवर्तुळ यांतून सूर्य उभा केला. मागे जाऊन दिवे आणि तारा कुणालाही पाहता येत होत्या. सूर्य बनावट आहे हे कळूनही लोक जमिनीवर आडवे पडून छतातली आपली प्रतिबिंबे शोधत राहिले. लपवण्यावर टिकणारा अचंबा एकदाच पुरतो. यंत्रणा समजल्यावरही टिकतो तो अचंबा घेऊन माणूस पुन्हा येतो, सोबत आणखी कुणाला घेऊन.

एक अडचण उरते आणि ती खरी आहे: खुला निकाल कधी कधी फसतो. थेंब जमत नाहीत, पंप बंद पडतो, दिवसभर कुणाच्याच हाती काही लागत नाही. त्यासाठी उद्घाटनाआधी कच्चा नमुना करून तो विषयाशी संबंध नसलेल्या माणसांपुढे ठेवावा, त्यांना काहीही न समजावता नुसते पाहावे, आणि जे मोडले ते दुरुस्त करण्याचा खर्च व माणूस अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा. फसलेला निकालही फलकावर नोंदवावा. पुढच्या प्रकरणांतली आकृती आणि साहित्याची यादी हाती घेण्यापूर्वी वाचकाने एका कागदावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे: माझ्या मांडणीत काय घडेल हे मला कोणत्या बाबतीत खरोखर ठाऊक नाही, आणि माझ्या प्रेक्षकाला मी काय सांगणार आहे. पहिली ओळ लिहिता आली नाही, तर काचपात्रे विकत घेण्याची घाई करू नये.